पावणेदहा नंबरचा फलाट

“सुमन, अगो आहेस का घरात?”

गडग्यापलीकडून ही हाक आली की मी गॅस सरळ बंद करते. बारीक करून भागत नाही, हे दोन भाज्या आणि एक दुधाचं पातेलं करपल्यावर कळलं. आमच्या आणि शालूवहिनींच्या घरांमधे चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे. त्याच्या माथ्यावर एका बाजूला त्यांचं सूप टेकतं, दुसऱ्या बाजूला माझा चहाचा कप. पुण्यात पोरांना मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि रत्नागिरीजवळच्या या घरी येऊन राहिले, तेव्हा वाटलं होतं की माणसांची मनं उकलायचं काम आता संपलं. शेजारी शालूवहिनी असल्यावर ते कसलं संपतंय!

मे महिन्यातली सकाळ. त्यांच्या अंगणात आंब्याच्या साठांची ताटं उन्हात मांडलेली. कावळे हाकायची काठी हातात घेऊन त्या गडग्याशी आल्या, म्हणजे बातमी मोठी होती.

“आमच्या मुक्तीनं गोष्ट लिहिलीय. रात्री टॅब माझ्या उशाशी ठेवून गेली. आजी, वाच आणि सांग म्हणाली. मी आपली वाचत बसले. फास्टर फेणे गो! आपला, भा. रा. भागवतांचा. फुरसुंगीचा बन्या. तो सायकल दामटत पुणे स्टेशनात शिरतो आणि पावणेदहा नंबरच्या फलाटावर घुसतो. घुसतो तो थेट त्या हॅरी पॉटरच्या शाळेत!”

पावणेदहा! मी मनातल्या मनात मुक्ताची पाठ थोपटली. मूळ इंग्रजी कादंबरीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावर नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश नंबरचा फलाट आहे. पंधरा वर्षांच्या पोरीला त्याचं मराठी एका शब्दात सुचलं, म्हणजे तिला पावणेचा पाढा नसेना का येत, भाषा येते.

“मग? छान आहे की.”

“छान कसलं! रात्री साडेबारापर्यंत वाचली. दोघं मिळून चोर शोधतात, रानात जातात, सगळं झकास. आणि शेवटी काय? तो हॅरी जिन्याखालच्या कोठडीत जागा होतो. मोज्यावर कोळी बसलेला. म्हणजे शाळा नाही, जादू नाही, बन्याही नाही. सगळं स्वप्न! फसवणूक झाली गो माझी.”

मी म्हटलं, या प्रकाराला क्रॉसओव्हर म्हणतात. दुसऱ्यांनी घडवलेली पात्रं घेऊन चाहते आपल्या गोष्टी लिहितात, ती फॅन फिक्शन. आणि एका गोष्टीतली माणसं दुसऱ्या गोष्टीत नेऊन सोडली की क्रॉसओव्हर. नवं खूळ नाही हे. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९६७ सालीच असल्या गोष्टींची घरगुती मासिकं छापायला सुरुवात केली होती. आणि आता चाहत्यांनी स्वतःच चालवलेल्या अशा एका मोठ्या संग्रहाला, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ला, २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारसुद्धा मिळाला.

“त्यात काय मोठंसं,” शालूवहिनी म्हणाल्या. “रामाकडचा जांबवंत नाही का कृष्णाच्या गोष्टीत घुसलेला? दर गणेश चतुर्थीला स्यमंतक मण्याची गोष्ट सांगते मी. अठ्ठावीस दिवस कृष्णाशी कुस्ती, आणि मग त्याला कळतं की हा तर आपलाच राम. तिथे कुणी जागं होत नाही हो मात्र. जांबवंत मणीही देतो आणि लेकही देतो.”

हे मला सुचलं नसतं. युगं ओलांडून आलेलं पात्र आधी मारामारी करतं आणि मग समोरच्यात आपला जुना देव ओळखतं. क्रॉसओव्हर लिहिणाऱ्या पोरांना यापेक्षा वेगळं काय हवं असतं? दोन आवडती माणसं भेटावीत, भांडावीत आणि मग एकमेकांना ओळखावीत.

“पण स्वप्नाची पळवाट परदेशात फार जुनी आहे,” मी म्हटलं. “बॉब न्यूहार्ट म्हणून अमेरिकेत एक विनोदी नट होता. १९७२ ते ७८ त्याची एक मालिका चालली. त्यात तो शिकागोतला मानसशास्त्रज्ञ.”

“तुझ्यासारखा.”

“माझ्यापेक्षा बरा. त्याच्याकडे माणसं पैसे देऊन बोलायला यायची. मग १९८२ पासून दुसरी मालिका. तिच्यात तो व्हरमाँट नावाच्या डोंगराळ राज्यात जुन्या वाड्यात सराई चालवतो. नाव वेगळं, बायको वेगळी. आठ वर्षं लोकांनी ती पाहिली. १९९० च्या मे महिन्यात शेवटचा भाग. त्याच्या डोक्यात गोल्फचा चेंडू बसतो, अंधार होतो, दिवा लागतो, तर हा पहिल्या मालिकेतल्या पलंगावर, पहिल्या मालिकेतल्या बायकोशेजारी! आणि तिला सांगतोय की मला काय विचित्र स्वप्न पडलं, मी कुठेतरी सराई चालवत होतो.”

शालूवहिनींनी काठी खाली ठेवली. “म्हणजे दुसरी बायको स्वप्नातली?”

“हो.”

“आणि ते त्यानं पहिलीला सांगितलं?”

“सांगितलं.”

“शहाणा दिसत नाही.”

मी पुढे रेटलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८८ मध्ये, ‘सेंट एल्सव्हेअर’ नावाची बॉस्टनमधल्या इस्पितळाची मालिका संपली. शेवटच्या प्रसंगात एक स्वमग्न मुलगा हातातल्या काचेच्या गोळ्याकडे टक लावून बसलेला. गोळ्याच्या आत बर्फ पडतंय आणि त्या बर्फात ते अख्खं इस्पितळ. म्हणजे सहा वर्षांचे डॉक्टर, रोगी, मृत्यू, सगळं त्या पोराच्या डोक्यातलं! इथवर ठीक होतं. पण त्या इस्पितळातले डॉक्टर मधे एकदा ‘चिअर्स’ नावाच्या मालिकेतल्या बारमध्ये जाऊन बसले होते. त्यांच्यातली एक डॉक्टर पुढे ‘होमिसाइड’ या पोलिसी मालिकेत उगवली. त्या ‘होमिसाइड’मधला मंच नावाचा पोलिस तर घरोघरी फिरला, ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये, ‘एक्स फाइल्स’मध्ये. मग चाहते हिशेब मांडत बसले. इस्पितळ त्या मुलाच्या डोक्यात, तर ते डॉक्टर ज्यांच्या घरी गेले ती घरंही त्याच्याच डोक्यात, आणि त्या घरची माणसं जिथे जिथे गेली...

“सुतकासारखं,” शालूवहिनी पटकन म्हणाल्या. “एका घरात गेलं की सगळ्या भाऊबंदांना.”

अमेरिकेतल्या चाहत्यांनी तक्ते काढकाढून जे सांगितलं, ते या बाईनं कावळा हाकता हाकता सांगून टाकलं.

“पण मला सांग,” त्या म्हणाल्या, “स्वप्न म्हटलं की सुटका कशी होते गो? आमच्या हरिश्चंद्राला नसतं का म्हणता आलं, स्वप्नात दिलं होतं राज्य, आता जागा झालोय, या तुम्ही विश्वामित्र? नाही म्हणाला. स्वप्नात दिलं तरी दिलं. बायको विकली, पोरगा विकला, स्मशानात राबला. त्याला म्हणतात स्वप्न. हे काय, जाग आली आणि झालं!”

कित्येक वर्षं वर्गात मी फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक शिकवलं. व्हिएन्नाच्या प्रकाशकानं त्यावर १९०० साल घातलं, प्रत्यक्षात ते १८९९ च्या नोव्हेंबरातच बाहेर पडलं होतं. सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली. वर्गातली पोरं दर वर्षी एकच प्रश्न विचारायची, मॅडम, पण स्वप्न खरं असतं का? हरिश्चंद्राचा दाखला तेव्हा सुचला असता तर माझे दोन तास वाचले असते. स्वप्न खरं की खोटं हा प्रश्न बाजूला ठेवून ते माणसाकडून काय करवून घेतं हे पाहायचं, एवढंच तर सांगायचं होतं.

“आपली म्हण आहे ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे,” मी म्हटलं. “फ्रॉइड म्हणतो, दिसतं खरं, पण वेष बदलून दिसतं. आणि तो वेष कसा शिवला जातो त्याचं त्यानं शिवणकाम उसवून दाखवलं. तुमच्या ताटात हे साठ आहे ना, त्यात कितीक आंब्यांचा रस आहे?”

“पन्नासेक असतील. पायरीचे जास्त, दोनचार रायवळ.”

“आता त्यातला रायवळ वेगळा काढून दाखवा.”

“तुझं डोकं फिरलंय.”

“स्वप्नात असंच होतं. दहा माणसं आटून एक होतात. नाक मामाचं, आवाज मास्तरांचा, चप्पल शेजाऱ्याची. इंग्लंडमधे गाल्टन नावाचा गृहस्थ एकाच काचेवर एकाच घरातल्या माणसांचे चेहरे एकावर एक टिपायचा. सारखं ते ठळक व्हायचं, वेगळं ते पुसट. फ्रॉइडनं स्वप्नातल्या माणसांना तीच उपमा दिली. दुसरी गोष्ट, जिथे खरं ठसठसतं तिथला भार उचलून भलत्याच क्षुल्लक जागी ठेवला जातो. आणि सकाळी आठवताना आपण सगळ्याची सारवासारव करतो. भेगा बुजवतो, गोष्ट नीट लावतो. त्यातच दिवसाचं खरकटंही असतं, काल बघितलेलं, ऐकलेलं, अर्धवट राहिलेलं.”

“खरकटं म्हणालीस ते पटलं.”

क्रॉसओव्हरचीही हीच रीत आहे, असं माझं फार दिवसांचं मत. वर्गात ते कधी बोलले नाही. पोरं हसली असती म्हणून नव्हे, वरच्या प्राध्यापकांनी भुवया चढवल्या असत्या म्हणून. पण फ्रॉइडनं स्वतःच एका क्रॉसओव्हरचा उलगडा केलेला आहे, तोही चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यातला. तो मी वहिनींना सांगितला.

सर्गेई पानकेयेव नावाचा श्रीमंत रशियन तरुण १९१० मध्ये व्हिएन्नाला फ्रॉइडकडे आला. त्याला लहानपणीचं एक स्वप्न कधी विसरता आलं नव्हतं. रात्र आहे, तो पलंगावर पडलाय. समोरची खिडकी आपोआप उघडते. बाहेर अक्रोडाचं मोठं झाड, आणि त्याच्या फांद्यांवर पांढरे लांडगे बसलेत. हलत नाहीत, गुरगुरत नाहीत. नुसते टक लावून त्याच्याकडे पाहताहेत. तो किंकाळी फोडून जागा झाला. पुढे कित्येक वर्षं त्याला स्वप्नात काही भयंकर दिसेल याची धास्ती वाटायची.

“लांडगे झाडावर?” वहिनींनी विचारलं. “लांडगे झाडावर चढत नाहीत.”

“तिथेच तर गंमत. आजोबांनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. शिंप्यानं लांडग्याची शेपटी उपटली. पुढे तो शिंपी रानात अडकला आणि झाडावर चढला, तर लांडगे एकमेकांच्या पाठीवर उभे राहून त्याला गाठायला वर चढू लागले. झाड तिथून आलं. ‘लांडगा आणि सात करडं’ ही दुसरी गोष्ट. तिच्यातला लांडगा फसवायला पंजाला पीठ फासतो. फ्रॉइडनं लांडग्यांचा पांढरा रंग त्या पिठाशी जोडला. तिसरी, लाल टोपीवाल्या मुलीची. तीन गोष्टींतले लांडगे एका झाडावर येऊन बसले. त्यात बहिणीचं खरकटं, कारण ती त्याला चित्रातला उभा लांडगा दाखवून रडवायची. त्यानं सांगितलं की लांडगे सहा किंवा सात होते. सात करडांपैकी लांडगा सहा खातो आणि सातवं घड्याळाच्या पेटीत लपून वाचतं, त्यातला हा आकडा. पण फ्रॉइडला चित्र काढून दिलं, त्यात लांडगे पाचच.”

“मोजता येत नव्हतं?”

“स्वप्नात कुणाला येतं?”

वहिनी ताटाकडे बघत राहिल्या. “मग त्या डॉक्टरानं निदान काय केलं?”

मी आवाज खाली आणला. गडग्यालाही कान असतात. फ्रॉइडनं काढलेला अर्थ असा, की पोरगा दीड वर्षाचा असताना त्यानं आईबापांना नको त्या वेळी पाहिलं असावं, आणि ते टक लावून पाहणं स्वप्नात लांडग्यांकडे गेलं. भार उचलून भलतीकडे ठेवला तो असा. १९१८ मध्ये हे छापताना त्यानंच कबूल केलं की तो प्रसंग खरोखर घडला की मुलाच्या मनानं मागाहून रचला, याचा निकाल लागत नाही. म्हातारपणी त्या पानकेयेवनंही सांगितलं की असलं काही मला कधीच आठवलं नाही. माझं विचाराल तर, फ्रॉइडनं लांडगे कुठून कुठून आले ते शोधलं तिथवर मी त्याच्या पाठीशी उभी आहे. पुढे पलंगापर्यंत तो एकटा गेला.

“अश्शी!” म्हणून शालूवहिनींनी पदर सावरला आणि लगेच विचारलं, “मग आमच्या मुक्तीच्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा?”

आता खरी गोष्ट आली. सकाळपासून त्या याच्याच भोवती फिरत होत्या.

“आईबाप धडधाकट असताना ही पोरगी अनाथ मुलाची गोष्ट का लिहिते? जिन्याखालची कोठडी म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमधली तिची ती एवढीशी खोली तर नव्हे? सूनबाईचं आणि हिचं काही बिनसलंय का? तू शिकलेली आहेस, वाच आणि सांग.”

मी म्हटलं, अनाथ पोरांचा शौक सगळ्याच पोरांना असतो. फ्रॉइडचा १९०९ चा लहानसा लेख आहे त्यावर. आई रागावली, धाकट्याला जास्त लाडू मिळाला, की मूल मनात म्हणतं, हे माझे खरे आईबाप नव्हेतच. मला कुठूनतरी आणलंय, माझे खरे आईबाप मोठे, देखणे, राजेरजवाडे. तो लेख ऑटो रँकच्या वीरजन्मांच्या कथांवरच्या पुस्तकात आला. त्या पुस्तकात मोझेस, ईडिपस अशांच्या पंगतीत आपला कर्णही पान मांडून बसलाय. आणि पॉटर तर याचा नमुनाच. मावशीच्या घरी हालात वाढलेलं पोर, आणि खरे आईबाप नामवंत जादूगार! फ्रॉइड पुढे एक गोड गोष्ट सांगतो. मनातल्या त्या राजाराणीचे चेहरे नीट पाहिले तर ते घरच्याच आईबापांचे निघतात, मूल लहान असताना त्याला जसे भव्य वाटायचे तसे. म्हणजे मूल आईबापांना टाकत नाही. त्यांना पुन्हा सिंहासनावर बसवतं.

“पण तेवढ्यावरून मुक्ताचं काय ते मी सांगणार नाही,” मी म्हटलं. “फ्रॉइडचाच नियम आहे. स्वप्नाचा एकेक तुकडा घेऊन ते पाहणाऱ्यालाच विचारायचं, यावरून तुला काय आठवतं? त्यानं सांगितल्याशिवाय अर्थ लावायचा नाही. नाहीतर ते पंचांगातलं शकुनफळ होतं. दात पडला म्हणजे अमुक, साप दिसला म्हणजे तमुक.”

“दात पडला तर घरातलं वडीलधारं जातं,” वहिनी म्हणाल्या. “माझा अनुभव आहे.”

मी विषय बदलला.

त्या रशियन माणसाच्या आठवणींमध्ये एक छोटीशी नोंद आहे, आणि ती मला लांडग्यांपेक्षा जास्त आवडते. त्याला वाटलं होतं की शेरलॉक होम्ससारखं हलकंफुलकं फ्रॉइड कशाला वाचेल. पण बोलता बोलता कळलं की डॉक्टरसाहेबांनी कॉनन डॉयल मन लावून वाचलेला आहे. आणि मग १९७४ मध्ये निकोलस मायर नावाच्या अमेरिकन लेखकानं होम्सला सरळ फ्रॉइडच्या दारात नेऊन उभं केलं. ‘द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन’ ही ती कादंबरी. पुढे याच मायरनं ‘स्टार ट्रेक’चा दुसरा सिनेमा दिग्दर्शित केला, म्हणजे दुसऱ्यांची पात्रं सांभाळायचा त्याचा हात तेव्हापासूनचा.

होम्स कोकेन टोचून घ्यायचा हे मूळ गोष्टींतलंच. सात टक्के द्रावण तेच. फ्रॉइडनंही १८८४ मध्ये कोकेनची भलामण करणारा लेख लिहिला होता, हेही खरंच. मायरनं ही दोन खरी टोकं जुळवली. वॉटसन होम्सला फसवून व्हिएन्नाला नेतो आणि फ्रॉइड त्याचं व्यसन सोडवतो. आणि मोरिआर्टी? ज्याला होम्स गुन्हेगारांचा बादशहा म्हणतो, तो या कादंबरीत होम्सला लहानपणी गणित शिकवणारा साधा मास्तर निघतो. घरात घडलेल्या एका भयंकर प्रसंगाशी या मास्तरांची आठवण चिकटली, आणि मोठेपणी व्यसनाच्या भरात होम्सनं त्यांचा राक्षस केला. धबधब्याकाठची ती प्रसिद्ध झुंज, तिच्यातलं मरण आणि मग परत येणं, हे सगळं वॉटसननं वाचकांसाठी रचलेलं पांघरूण. म्हणजे जे डॉयलनं लिहिलं आणि लोकांनी ऐंशी वर्षं खरं मानलं, तेच इथे स्वप्न ठरलं, आणि चाहत्यानं मागाहून जोडलेलं ते जागेपण.

“थांब, थांब,” वहिनींचा चेहरा बदलला होता. “म्हणजे त्या मास्तरानं काही केलंच नव्हतं?”

“त्या कादंबरीत तरी राक्षसपणा काही केला नव्हता.”

“आणि जगभर नाव खराब?”

“जगभर.”

“बिचारा!” आणि मग थोडं थांबून, काठीनं जमिनीवर रेघ ओढत, “आपण गेल्या शिमग्यात त्या बंदरावरच्या मुलीचं बोललो होतो, तसंच की हे.”

मला ते आठवायला नको होतं. झालं होतं असं की गावातल्या दोन घरच्या दोन मुली त्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. एक मुंबईला नोकरीला गेली, दुसरीनं रत्नागिरीत जाऊन नोंदणी लग्न केलं, तेही घरच्यांच्या संमतीनं. पण ते आधी पसरलं नव्हतं. याच गडग्यावर, दोन दिवसांत, आम्ही दोघींनी त्या दोन मुलींची एकच मुलगी केली. तिला नोकरी दिली, नवरा दिला, नको ती घाई दिली, आणि मधल्या भेगा छान सारवून घेतल्या. व्हिएन्नात बसून फ्रॉइडला दोन माणसं आटून एक झाल्याचा यापेक्षा चोख नमुना सापडला नसता.

मी काही बोलले नाही. वहिनीही बोलल्या नाहीत. एक कावळा येऊन ताटाच्या काठावर बसला, आणि दोघींनाही त्याला हाकायचं सुचलं नाही.

“टॅब आणते,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला डोळ्यांमुळे मधली पानं नीट दिसली नाहीत. तू वाच. अर्थ नको लावूस. नुसतं वाच.”

गडग्याला टेकून मी वाचलं. पोरीला लिहिता येतं. बन्याच्या सायकलच्या साखळीचं वंगण, हॉगवर्ट्सच्या जेवणघरात अचानक येणारा पिकल्या फणसाचा वास, गणवेशाच्या आत घामानं चिकटलेला शर्ट. आणि मग रानाच्या कडेला एक चिऱ्याचा गडगा. त्यावर कोपर टेकून एक म्हातारी उभी. जाडजूड चष्मा, कानात मोत्यांच्या कुड्या, हातात काठी, शेजारी चहाचा कप. तिला शाळेतल्या सगळ्यांचं सगळं माहीत. जादूगार तिच्यापुढे चळाचळा कापतात. जो जाईल त्याला ती एकच विचारते, मग पुढे काय झालं? बन्या आणि हॅरी तिला चोराबद्दल विचारतात, तेव्हा ती आधी दोन निरपराध माणसांची नावं सांगते आणि मग खऱ्याचं.

चष्मा माझा. कुड्या वहिनींच्या. काठी त्यांची, कप माझा.

मी टॅब त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, वाचलं, पुन्हा वाचलं. “ही कोण गो म्हातारी?” असं म्हणता म्हणताच त्यांचा हात कानाकडे गेला.

“आपण.”

“दोघी?”

“आटून एक. साठासारख्या.”

मला वाटलं आता चिडतील. त्या हसायला लागल्या, इतक्या की सुपातले शेंगदाणे गडग्यावर सांडले. “जादूगार कापतात म्हणे! अगो, कापायलाच हवेत.”

शेवटही मी वाचला. वहिनींना जिथे फसवणूक वाटली तिथे आणखी अडीच ओळी होत्या. हॅरी कोठडीत जागा होतो, मोज्यावरचा कोळी झटकतो, सगळं स्वप्न होतं असं म्हणतो, आणि बाहेर रस्त्यावरून कुणीतरी जिभेनं “ट्टॉक!” करतं. फास्टर फेण्याचा आवाज. वहिनी तिथवर पोहोचण्याआधीच रागानं झोपल्या होत्या. मला एकदम रोलिंगबाईंच्या पहिल्याच कादंबरीची, १९९७ सालच्या, सुरुवात आठवली. तिथेही हॅरी स्वप्नातून जागा होतो. उडणाऱ्या मोटरसायकलचं स्वप्न. काका ओरडतो की मोटरसायकली उडत नाहीत. वाचकाला मात्र ठाऊक असतं की ते स्वप्न नाही, आठवण आहे. तान्ह्या हॅरीला खरोखर तसंच आणून सोडलं होतं. आणि शेवटच्या कादंबरीत किंग्ज क्रॉससारख्याच एका धुकट स्टेशनात तो गुरूला विचारतो, हे खरं आहे की माझ्या डोक्यात? गुरू सांगतात, डोक्यातच आहे, पण म्हणून खोटं कसं? मुक्तानं दोन्ही टोकं वाचून ठेवली होती आणि मधे पुणे स्टेशन घातलं होतं.

“आता बोलवू का तिला?” वहिनी म्हणाल्या. “विचारते, ही म्हातारी तू मुद्दाम घातलीस की आपली आपण आली?”

“तेवढं नका विचारू.”

“का?”

विनिकॉट नावाचा इंग्रज डॉक्टर होता, लहान मुलांचा. १९७१ च्या त्याच्या पुस्तकात मुलांच्या गोधड्यांची चर्चा आहे. मूल एखादी गोधडी, एखादं चिंधीचं अस्वल सोडत नाही. ते त्याच्या मनातलंही असतं आणि बाहेरचंही. विनिकॉट म्हणतो, हे तू मनानं घडवलंस की तुला बाहेरून मिळालं, असं त्या मुलाला कधी विचारायचं नाही, हा मोठी माणसं आणि मूल यांच्यातला अलिखित करार असतो. खेळ, गोष्टी, कला, सगळं त्याच मधल्या जागेत वाढतं.

मी हे सांगत होते तोवर वहिनी आपल्या लेकाच्या लहानपणच्या गोधडीत शिरल्या होत्या. आजेसासूच्या इरकली लुगड्याची, एक बाजू जळकी, धुवायला घेतली की तो दारात बसून रडायचा. मी थांबले. त्या गोधडीत माझ्या भाषणापेक्षा जास्त होतं.

तेवढ्यात मुक्ता बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे चोळत. “आजी, वाचलीस का गं?”

“वाचली.”

“मग?”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर तो प्रश्न आलेला मला स्पष्ट दिसत होता. कानाची कुडी बोटांत फिरवत त्या क्षणभर गप्प राहिल्या.

“त्या म्हातारीच्या कुडीत तू पाच मोती लिहिलेस,” त्या म्हणाल्या. “चूक आहे ते. सात असतात. एक मधे, भोवती सहा.”

“बदलते. सात ना?”

“हो. नाही, थांब.” त्यांनी कुडी काढली, उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. “यातला एक गौरीच्या वेळी पडला होता तो सापडला की नाही? सुमन, तू बघ गो, तुझा चष्मा आहे. सहा आहेत की सात?”